आगाशीची ट्यूब

आगाशीच्या बाजारात औषधाचं दुकान चालवणाऱ्या वसंतशेठने माझ्या आईला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढे मी आमच्या घराबद्दल, जेवणाबद्दल, समुद्राबद्दल लिहीत बसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाई जुन्या आठवणींत रमली. मी रमलेली नाही. मासळीच्या लिलावात उभं राहून जिने आयुष्य काढलं ती सहजासहजी रमत नाही. माझा भाव कोणी पाडला तर मी हसून सोडते. आज त्याने माझा पाडला, उद्या मी त्याचा पाडीन. पण भाव पाडणं वेगळं आणि नरम पडलेलं पापलेट ताजं म्हणून गळ्यात मारणं वेगळं. वसंतशेठने हे दुसरं केलं, आणि ते माझ्या आईच्या कातडीवर केलं.

आमचं घर कळंबला, सुरूच्या बनामागे. भरतीला लाटांचा आवाज थेट चुलीपर्यंत यायचा आणि ओहोटीला तो लांब गेला की सुरूची झाडं शिट्टी घातल्यासारखी वाजायची. बाबांची होडी होती तोवर आम्ही होडीवर जगलो. पुढे बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला, होडी गेली, आणि तिच्या जागी घरामागच्या वाळूत दोन खोल्या उभ्या राहिल्या. त्या सुमारास विरार-नालासोपाऱ्याकडे इमारती उगवत होत्या आणि त्या इमारतींतली माणसं शनिवार-रविवार समुद्र बघायला कळंबला यायला लागली होती. कोणी मनवेलपाड्याचं, कोणी पार बोरिवलीचं. समुद्र फुकट होता. त्यांना हवं असायचं ते जेवण. आणि जेवण म्हणजे माझी आई. तिच्या हातच्या तांदळाच्या भाकरीला कड कुठे आणि मध्य कुठे हे शोधून सापडायचं नाही. परातीत पिठाचा गोळा ठेवून ती दोन्ही हातांनी थापायला लागली की सट-सट-सट असा आवाज यायचा आणि खोलीतली माणसं आपणहून ताट घेऊन बसायची. ओल्या बोंबलांचं कालवण, तळलेली मांदेली, करंदीची कैरी घालून केलेली चटणी. लोक पत्ता विचारत यायचे तेव्हा बाबांचं नाव घ्यायचे नाहीत, खोल्यांचं नाव विचारायचे नाहीत. म्हणायचे, “ती भाकरीवाली आई कुठे राहते?” आमचं सगळं घर तिच्या दोन हातांवर उभं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी दहावी होऊन घरी बसले होते, आणि पाहुण्यांशी बोलणी करायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं, कारण ते भिडस्त होते आणि मी नव्हते.

समुद्रावर आलेल्या शहरातल्या माणसाला पाण्यात उतरायचं असतं आणि कपडे भिजवायचे नसतात. म्हणून आम्ही अर्ध्या चड्ड्या आणि गाऊन भाड्याने द्यायला लागलो. एक कुटुंब पाण्यातून बाहेर आलं की ते ओले कपडे टबात, टबातून आईच्या हातात, गोड्या पाण्यातून एकदा काढायचे, पिळायचे आणि सुरूच्या सावलीत दोरीवर. दुपारी दुसरं कुटुंब. कपडा दमट असला तरी तो पाण्यातच जाणार, वाळवायचा कशाला, असा आमचा हिशेब. आणि टॉवेल! शहरातली माणसं घरी जाताना टॉवेल हमखास विसरतात. आईने असा एकही टॉवेल कधी फेकला नाही की परत द्यायला ठेवला नाही. रोज एक कमरेला खोचायची, परकराच्या नाडीवरच, आणि दिवसभर त्यालाच हात पुसायची. मासळी धुतली, पुसला हात. पीठ मळलं, पुसला हात. संध्याकाळपर्यंत तो टॉवेल पिळला तर पाणी निघावं एवढा ओला. त्याच्याखाली घट्ट नाडी, नाडीखाली घाम. आमच्या आळीतल्या सगळ्या बायका असंच करायच्या. पाहुण्याचा रंगीत टॉवेल कमरेला असणं म्हणजे धंदा चांगला चालल्याची खूणच होती.

त्या पावसाळ्यात आईच्या कमरेवर, नाडी बसते तिथे, एक लाल गोल उठला. नाण्याएवढा. कड फुगीर, त्यावर बारीक कोंडा, मध्ये साफ. आई म्हणाली, “नायटा झालाय. जाईल.” माझी आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, शेजारच्याच घरात राहायची आणि आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचा पहिला हक्क असायचा. तिने कुंपणाजवळचा टाकळा उपटला, पाला लिंबाच्या रसात वाटला आणि आईच्या कमरेवर थापला. आई ओरडली. आत्या म्हणाली, “आग होते म्हंजे गुन येतो.” मग चुन्याची निवळी झाली, मग लसूण झाला. लसणाने कातडी पोळली, पण गोल आपला रुंदावतच गेला. एकाचे तीन झाले आणि तिन्ही एकमेकांना भिडले. आई एका हाताने भाकरी थापायची आणि दुसऱ्या हाताचं कोपर कमरेवर घासायची. शेवटी मला म्हणाली, “हिरा, आगाशीला जाशील तं वसंतशेठला विचार. त्याच्याकडं कायतरी असल.”

वसंतशेठबद्दल खरं तेवढंच लिहायचं तर माणूस गोड होता. पांढरा सदरा, कपाळाला गंध, काउंटरवर बडीशेपेची वाटी. सणावारी बाकीची दुकानं बंद असली तरी त्याचं उघडं. डॉक्टरकडे जायला दिवस मोडतो आणि वसंतशेठकडे जायला बाजाराची पिशवी पुरते, म्हणून आजूबाजूच्या सगळ्या गावांचा डॉक्टर तोच. मी तक्रार सांगितली तेव्हा त्याने पूर्ण ऐकूनसुद्धा घेतली नाही. मागच्या फळीवरून एक पांढरी ट्यूब काढली.

“ही लाव. आज लावली की उद्या खाज बंद.”

“कसली आहे?”

“नायट्याची, खरजेची, कशाचीही. एकात तीन औषधं आहेत.”

“एकच रोग आहे तर तीन औषधं कशाला? एकाची द्या, स्वस्त पडेल.”

तो मनापासून हसला. “तू बाजारात बसायला हवीस गं पोरी. अगं, ही कंपनी काय वेडी आहे?”

“वसईला चामडीचे डॉक्टर असतात ना? त्यांना दाखवू का?”

आता त्याने बडीशेपेची वाटी माझ्याकडे सरकवली. “कशाला? दिवस जाणार, गाडीभाडं जाणार, आणि तो लिहून देणार हेच. आमच्या घरी कोणाला काही झालं तर हीच लावतो आम्ही. आईला सांग, वसंतशेठच्या घरातलं औषध आहे.”

हे वाक्य लक्षात ठेवावं. मी ठेवलं आहे.

ट्यूबने खरोखर जादू केली. दुसऱ्याच दिवशी आई सकाळी उठून म्हणाली, “आज कित्ती दिसांनी निजली मी.” लाली उतरली, कोंडा गेला, गोल पुसट झाला. आत्यासुद्धा गप्प झाली. आईने ट्यूब देवाच्या फळीवर ठेवली. मग आळीतल्या बायका यायला लागल्या. विरजण मागावं तशी ट्यूब मागायच्या, बोटभर घ्यायच्या आणि जायच्या. पोरांच्या मांडीला, म्हाताऱ्याच्या बगलेला, कुणाच्या मुलीच्या तोंडावरच्या मुरमांना. एकीला वाटलं, हिने गोरं व्हायला होतं. आईला देताना आनंद व्हायचा. दिवाळीच्या आत ती ट्यूब संपली, आणि संपल्यावर आठवडाही झाला नसेल, नायटा परत आला. कमरेवर आलाच, पण मांडीवर, पोटावर आणि डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत आला. आता तो गोलही राहिला नव्हता. कड नाही, मध्य नाही, नुसते वेडेवाकडे लालसर पट्टे, समुद्राच्या पाण्याची रेघ वाळूवर उमटते तसे. मी परत आगाशीला गेले. शेठ म्हणाला, “थांबवलीत ना? म्हणून आला. लावत राहायचं.” मग आम्ही लावत राहिलो. लावली की उतरायचा, थांबवली की दुप्पट यायचा. त्या वर्षी आमच्या घरात मिठाचा डबा रिकामा झालेला मी पाहिला, पण ती ट्यूब संपून नवी आली नाही असा दिवस आठवत नाही.

लोक आज मला म्हणतात, “पण हिरा, ट्यूब आणायला जायचीस तर तूच ना?” जायचे. आणि याचा दोष मी माझ्या पदरात घेणार नाही. मी विचारलं होतं कसली आहे, मी विचारलं होतं डॉक्टरला दाखवू का. विचारणाऱ्याला खोटं सांगितलं गेलं तर पाप सांगणाऱ्याचं.

नाताळच्या सुट्टीत खोल्या भरल्या होत्या. बोरिवलीचं एक मोठं कुटुंब आलं होतं, त्यांतली एक बाई आईच्या भाकऱ्या बघायला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आईने नेहमीप्रमाणे बाह्या वर सरकवल्या, आणि त्या बाईची नजर आईच्या हातावर खिळली. ती मागे फिरली. थोड्या वेळाने तिचा नवरा मला म्हणाला, “आम्ही जेवण बाहेर करू.” कळंबला तेव्हा बाहेर म्हणजे समुद्र आणि सुरू. मी विचारलं काय झालं, तर तो पायाकडे बघायला लागला. मी सरळ त्या बाईकडे गेले.

“काय दिसलं तुम्हाला?”

“हे बघ, मला कोणाचा अपमान करायचा नाही. पण तुझ्या आईच्या हाताला काहीतरी लागण आहे, आणि त्याच हाताने पीठ—”

“माझ्या आईचे हात दिवसातून पन्नास वेळा धुतले जातात. तुमचे किती वेळा?”

“मग डॉक्टरला का नाही दाखवत?” तीही चिडली. “चामडीच्या डॉक्टरला! असल्या हाताने भाकऱ्या काय थापवता तिच्याकडून? आधी तिची काळजी घ्या!”

मला तिचा गळा धरावासा वाटला. मागे वळून पाहिलं तर आई परातीतलं पीठ गोळा करत होती आणि बाह्या मनगटापर्यंत खाली ओढलेल्या. त्या दिवशी सट-सट आवाज थांबला. जानेवारीत आळीतल्या एका लग्नात हळदीच्या जेवणाच्या भाकऱ्यांना तिला बोलावणं आलं नाही. तोपर्यंत कुठल्याही मांडवात पहिली परात तिची असायची. बोलावलं नाही असं कोणी म्हणालं नाही. “इंदूबाय, तू बस, तू दमलीस” असं म्हणाल्या. ज्या बायकांनी आमच्या फळीवरून बोटबोट ट्यूब नेली होती, त्यांनीच. आई घरी येऊन भिंतीला टेकून बसली. “आता मी काय करू गं? मना दुसरा कायपन येत नाय.”

दुसऱ्या दिवशी मी तिला वसईला घेऊन गेले. डॉक्टरवरच्या विश्वासापेक्षा त्या बोरिवलीवालीवरचा राग जास्त होता. नालासोपाऱ्याला उतरून दुसरी एसटी, मग तळ्याजवळून चालत. चामडीची डॉक्टर बाई होती, वसईच्याच एका वाडीतल्या ख्रिस्ती घरातली. तिला सगळे ग्रेसीबाई म्हणायचे. बाहेरच्या खोलीत दोन बाकडी, आणि आतल्या-बाहेरच्या खोलीमध्ये नुसता पडदा. आत कोणीतरी होतं. आम्ही बसलो, आणि पडद्यामागून आवाज आला तो मी अंधारातही ओळखला असता.

“नाही नाही बाई, दुकानातली कुठलीही ट्यूब लावलेली नाही. मी लावूच दिली नाही. मला माहीत आहे ना ती काय करते. आज दाबते आणि उद्या दसपट काढते. मुलाला सांगितलं, हात लावशील तर बघ. म्हटलं सरळ तुमच्याकडेच न्यावं.”

“बरं केलंत,” ग्रेसीबाई म्हणाल्या. “लोक तेच लावून येतात आणि मग आम्हाला काही ओळखू येत नाही.”

“हो ना. लोकांना समजत नाही.”

लोकांना समजत नाही! मी उभी राहिले. आईने माझा पदर धरला. तिनेही ऐकलं होतं, मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पडदा सरकला, वसंतशेठ आणि त्याचा कॉलेजातला मुलगा बाहेर आले. मुलाच्या मानेवर एक छान गोल, कड स्पष्ट, मध्य साफ. आईचा सुरुवातीला होता अगदी तसा.

“शेठ, तुमच्या घरातलं औषध संपलं वाटतं?” मी म्हटलं.

त्याची नजर आईच्या हातावरच्या पट्ट्यांवर गेली आणि चेहरा क्षणभर पडला. मग त्याने तो परत बसवला. “अगं, हिरा ना तू? हे बघ, प्रत्येकाची कातडी वेगळी—”

“कातडी वेगळी की घर वेगळं?”

“तुम्ही लोक येता तेच घाईत. आज लावून उद्या बरं करा म्हणता. मी डॉक्टरकडे जा म्हटलं तर जाल का? पुढच्या दुकानात जाल. तो हीच देईल.”

“मी डॉक्टरचं विचारलं होतं! तुम्ही नको म्हणालात!”

आणि तेव्हा माझी आई, जिच्या अंगावर पोटापासून मनगटापर्यंत त्याची ट्यूब उमटली होती, त्या मुलाच्या मानेकडे बघून म्हणाली, “बरा होईल हा पोरगा. घाबरू नको रे बाला.” वसंतशेठ मान हलवून निघून गेला. मी आईवर इतकी चिडले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती हळूच म्हणाली, “पोराचा काय गुना?”

ग्रेसीबाईंनी आईच्या कमरेवरचा थोडा कोंडा पात्याने खरवडून काचेवर घेतला, त्यावर थेंब टाकला आणि यंत्रात डोळा घालून बघितला. मग म्हणाल्या, “इंदूबाई, सुके बोंबील नीट वाळले नाहीत तर काय येतं त्यांवर?”

“बुरा येतो.”

“हा तोच. कातडीवरचा बुरा. रक्तातला दोष नाही, कुणाचा शाप नाही. दमट जागा मिळाली की वाढतो.”

आईने जरा विचार केला. “म्हंजे मी नीट वाळली नाय!”

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. मग त्यांनी आम्ही नेलेली ट्यूब हातात घेऊन समजावलं, आणि ते मला आजही शब्दाशब्दाने पटतं. बुरा अंगात शिरला की अंग त्याच्याशी भांडतं, ते भांडण म्हणजेच लाली आणि खाज. या ट्यूबमध्ये एक औषध असं आहे की ते अंगाला भांडायचंच थांबवतं. माणसाला वाटतं बरं झालं. बुऱ्याला वाटतं रान मोकळं झालं. शिवाय महिनोन्‌महिने लावली की कातडी विड्याच्या पानासारखी पातळ होते, चिरते. त्यांनी आईच्या मांडीवरच्या जांभळ्या चिरा दाखवल्या. “या चिरा आता जाणार नाहीत,” असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बुरा मात्र जाईल. पोटात घ्यायच्या गोळ्या, साधं बुऱ्याचं मलम, आणि ते डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, कारण तो कडेने पुढे सरकत असतो. डाग दिसेनासा झाला तरी पुढे काही आठवडे थांबवायचं नाही. घरातल्या सगळ्यांना तपासायचं, एकाने बरं होऊन उपयोग नाही. “आणि ट्यूब बंद केल्यावर आधी वाढेल. खूप वाढेल. तेव्हा धीर सोडू नका.”

मी घरी येऊन भाड्याच्या चड्ड्या-गाऊन बंद केले. बाबा म्हणाले, लोक मागतात. मी म्हटलं, लोक मागतात हे वसंतशेठही म्हणतो. शेवटी तोड निघाली: प्रत्येक कपडा हंड्यात उकळायचा आणि सावलीत नाही, काळ्या वाळूवरच्या दोरीवर, उलटा करून, कडक उन्हात वाळवायचा. आईचा कमरेचा टॉवेल मी स्वतः चुलीत घातला. नाडी सैल, परकर रोज धुतलेला आणि खडखडीत वाळलेला, अंग पुसल्यावर घड्याघड्यांतून कोरडं करायचं, प्रत्येकाचा पंचा वेगळा. बाबांना विचारलं तेव्हा ते दार लावून आत गेले आणि आतूनच म्हणाले, “मलापन हाय.” कुठे ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आत्याला होतं, मला गुडघ्यामागे होतं. सगळ्या घराने मलम लावलं.

आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. ट्यूब थांबल्यावर आईच्या अंगावर जाळ उठला. हात सुजले, पाणी सुटलं. ती कण्हायची, ओलं फडकं हातांवर ठेवायची आणि म्हणायची, “एकदाच लावू दे गं. एकदाच. नुसता निजायला.” मी नाही म्हणायचे. आपल्या आईला असं नाही म्हणणं काय असतं हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. एका दुपारी मी पाण्याहून आले तर आई शांत झोपलेली. हाताला तोच चकचकीत थर. आत्याने आगाशीहून आणली होती. मी आत्यावर ओरडले तर ती म्हणाली, “मना काय बोलतेस? मी त्याला बोलली, इंदूला हवी हाय, तिला जाम तरास होतो. त्याने लगेच काढून दिली.”

त्याने लगेच काढून दिली! पडद्यामागे जे बोलला ते बोलून, मुलाला हात लावू न देऊन, माझ्या आईचे हात डोळ्यांनी बघून, तिचं नाव ऐकून, लगेच काढून दिली. पहिल्या ट्यूबला मी अज्ञान म्हटलं असतं, दहावीला हलगर्जी म्हटलं असतं. या ट्यूबला काय म्हणायचं ते मी आजही शोधते आहे.

मी आगाशीला गेले. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. मी ती ट्यूब काउंटरवर बडीशेपेच्या वाटीशेजारी ठेवली आणि मोठ्याने विचारलं, “शेठ, ही तुमच्या मुलाच्या मानेला का नाही लावलीत?” तो म्हणाला, “तुझ्या आईला सहन होत नाही, ती मागवते, त्याला मी काय करू पोरी?” मी परत तेच विचारलं. मग दुकानातली माणसंच माझ्यावर उठली. “असं बोलतात का मोठ्या माणसाला?” “पुरात औषधं फुकट वाटली त्यांनी, तुझ्या बापाने वाटली का?” एका म्हातारीने तर माझ्या समोरच तीच ट्यूब मागितली, मुद्दाम, मला दाखवायला. त्याने दिली. त्याने हसून दिली. मी प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि कोणीतरी माझा दंड धरून मला पायरीखाली आणलं.

आई बरी झाली. पुढचा पावसाळा यायच्या आत बुरा सगळा गेला, आणि परत आला नाही, कारण मी तो येऊ दिला नाही. खोल्या पुन्हा भरल्या, सट-सट पुन्हा सुरू झाली. पण डाव्या हाताची कातडी जी पातळ झाली ती झालीच. तव्याची नुसती वाफ लागली तरी फोड यायचा, परातीची कड लागली की काळंनिळं. ती कायम लांब बाह्यांचं पोलकं घालायला लागली, भर मे महिन्यातसुद्धा. लग्नाच्या मांडवात तिला पुन्हा बोलावणी आली, पण ती गेली नाही. म्हणायची, “तिथं सगल्या हाताकडं बघतात.” पुढे माझा धंदा वाढला. लिलावात उतरले, खोल्यांच्या जागी पक्की कॉटेजं आली, आज माझ्याकडे माणसं कामाला आहेत. त्यांना मी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगते, ओला टॉवेल कमरेला नाही आणि खाज आली तर आधी मला सांगायचं. तरी गेल्याच महिन्यात एकीच्या पिशवीत तसलीच ट्यूब सापडली, नाव नवं, डबी रंगीत. कुठून आणलीस विचारलं तर म्हणाली, “आगाशीहून.”

आई गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ मी आणि आत्याच्या सुनेने घातली. हळद-पाणी कमरेवरून ओघळलं आणि नाडीच्या जागी त्या चिरा दिसल्या, आता पांढऱ्या, एकाखाली एक, कोणी नखाने ओरखडे काढावेत तशा. आत्याची सून म्हणाली, “बाळंतपणाच्या असतील.” मी म्हटलं नाहीत.

आता वसंतशेठचं दुकान त्याचा मुलगा चालवतो, मानेवर एकही डाग नसलेला. शेठ घरी असतो, तब्येत ठणठणीत. परवा गावातली चार माणसं माझ्याकडे आली होती. म्हणाली, शेठने आयुष्यभर गोरगरिबांची सेवा केली, त्यांचा जाहीर सत्कार करायचा आहे, तुम्ही कॉटेजवाल्यांतल्या मोठ्या, तुम्ही मंचावर बसून दोन शब्द बोलायला हवेत. मी त्यांना चहा दिला आणि येते म्हटलं. मी जाणार आहे. शाल घातली जाईल, नारळ दिला जाईल, आणि माझी पाळी आली की मी बोलणार नाही, विचारणार आहे. दुकानात तीनदा विचारलं तेव्हा मला पायरीखाली उतरवलं. मंचावरून उतरवायला जरा वेळ लागतो.

वसंतशेठ, जी ट्यूब तुम्ही तुमच्या मुलाच्या मानेला लावू दिली नाहीत, ती माझ्या आईला का दिलीत? आणि तिचं काय झालं हे डोळ्यांनी पाहून पुन्हा का दिलीत? “लोक मागतात” हे उत्तर मी ऐकलेलं आहे, ते चालणार नाही. दुसरं सांगा. तुमच्या तोंडाने, सगळ्यांसमोर सांगा.